बाबांचा क्लोजअप

बाबांचा आवाज भोपाळच्या शिवाजी नगरातल्या आमच्या क्वार्टरमध्ये मावत नसे. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे जाळीचा व्हरांडा, आणि त्यात हा आवाज. ते नुसतं "चहा झाला का?" असं विचारायचे, तरी शेजारच्या श्रीवास्तव आंटी भिंतीपलीकडून म्हणायच्या, "भाभीजी, दे दो भाईसाहब को चाय." बाबा टी. टी. नगरातल्या एका सरकारी ऑफिसात बाबू होते. पण ती झाली नोकरी. त्यांची खरी ओळख म्हणजे आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाचे मुख्य नट. राजधानी हलली तेव्हा आजोबा नागपूरहून ऑफिसच्या फायलींबरोबर भोपाळला आले, ते नाटकाचं वेड सोबत घेऊनच. बाबांनी ते पुढे चालवलं. मंडळाच्या हॉलमध्ये माइक नव्हता तेव्हा ते स्टेजवर उभं राहायला शिकले होते. माइक आला, पण तो निम्मा वेळ खरखरायचा आणि उरलेला निम्मा वेळ बंद असायचा, त्यामुळे बाबांनी त्याच्यावर कधी भरवसा ठेवला नाही. "शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे आणि भुवई उडालेली दिसली पाहिजे," एवढंच त्यांचं अभिनयशास्त्र होतं.

गणपतीच्या आधी महिनाभर तालमी आमच्याच व्हरांड्यात चालत. संध्याकाळी ऑफिसं सुटली की एकेक जण स्कूटर लावून यायचा. आई तर्रीचे पोहे करायची, कधी पाटवडी, आणि चहाचं आधण तर सारखं चढलेलंच. कुकरची शिट्टी आणि बाबांचं स्वगत यांची रोज गाठ पडायची, आणि खरेकाका, म्हणजे आमचे दिग्दर्शक, हात वर करून म्हणायचे, "थांबा, वहिनींची एन्ट्री झाली." सगळे हसायचे. लहानपणी मी त्या हसण्यात असायची. कोपऱ्यात बसून मला सगळ्यांची वाक्यं पाठ व्हायची. मग कधीतरी, आठवी-नववीत असेन, मला त्या आवाजाची लाज वाटायला लागली. न्यू मार्केटमध्ये बाबा रस्त्याच्या पलीकडून "अनघा" अशी हाक मारायचे आणि चप्पल बघणाऱ्या बायका माना वर करायच्या. मिनीबसमध्ये कंडक्टरला तिकिटाचे पैसे देतानाही ते जणू दरबारात उभे असल्यासारखे बोलायचे, आणि त्यांची ती मराठी वळणाची हिंदी. एकदा वर्गातल्या मुलीनं मला विचारलं होतं, "तेरे पापा तुझे डाँट क्यों रहे थे?" ते मला घरी येताना धणे आण एवढंच सांगत होते. मी तिला म्हणाले, "हाँ, थोड़ा ग़ुस्सा हो गए थे." रागावलेला बाप सांगणं मला सोपं वाटलं.

कॅमेऱ्याचं खूळ डोक्यात घातलं सबानं. सबा कॉलेजात माझ्या वर्गात होती, जुन्या शहरातल्या शाहजहानाबादची, बोलण्यात पक्की भोपाळी. आम्ही दोघी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि शहरातल्या कॉलेजांची शॉर्टफिल्मची स्पर्धा व्हायची होती. तोवर सगळी मुलं कुणाच्या तरी मामाचा हॅन्डीकॅम आणून फिल्म करायची. त्या फिल्म लग्नाच्या कॅसेटसारख्या दिसत. चेहरा, मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, कॅलेंडरवरची तारीख, सगळं सारखंच स्पष्ट. सबानं मला कॉलेजच्या कॉम्प्युटरवर कुणा परदेशी मुलानं केलेला दोन मिनिटांचा तुकडा दाखवला. एक बाई खिडकीत बसली आहे, एवढंच. पण बाईचा डोळा जिवंत आणि मागचं सगळं शहर विरघळलेलं, दिव्यांचे नुसते गोल गोल ठिपके. सबा म्हणाली, "देख रई है? ये सिनेमा है. अपन को ये चाहिए." मी किती तरी वेळ ते बघत राहिले. मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण आता कळतं की मला त्यातला चेहरा आवडला नव्हताच. मागचं सगळं पुसून टाकता येतं, हे आवडलं होतं.

आज माझे विद्यार्थी मला विचारतात, "मॅम, बजेट कम है, कैमरा कौन सा लूँ?" तेव्हा मी त्यांना तेच सांगते जे आम्ही तेव्हा ठेचा खात शिकलो. आता मोबाइलसुद्धा मागचं धूसर करून देतो, खोटं का होईना. तेव्हा तसं नव्हतं. सिनेमासारखं दिसायला काय लागतं याची आमची चौकशी दोन महिने चालली होती. फोटोचेच कॅमेरे तेव्हा नुकतेच व्हिडिओही काढू लागले होते आणि त्यांच्या आतला, प्रकाश टिपणारा तुकडा हॅन्डीकॅमपेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून मागचं विरघळतं. सेकंदाला चोवीस चित्रं ठेवली की हालचालीला सिनेमाची लय येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंग. न्यू मार्केटच्या दुकानात आमच्या बजेटमध्ये नवा कॅमेरा मिळत होता, सोबत कंपनीची साधी झूम लेन्स. पण तिचं तोंड पुरेसं उघडत नाही. आमच्या घरातल्या ट्यूबलाइटमध्ये तिच्यातून सगळं मातकट आणि दाणेदार आलं असतं. दुसरा रस्ता म्हणजे जुना, वापरलेला कॅमेरा घ्यायचा आणि वाचलेले पैसे पन्नासच्या, म्हणजे पन्नास मिलिमीटरच्या, लेन्सवर घालायचे. पन्नासच्या लेन्सला झूम नाही, पुढं-मागं आपणच व्हायचं. पण ती वन पॉइंट एटपर्यंत, म्हणजे चांगली मोठी, उघडते, मिणमिणत्या दिव्यातही बघू शकते, आणि मागचं पुसून टाकते. सबाचं म्हणणं, "बॉडी तो हर साल पुरानी होगी, काँच पुराना नहीं होता." ते बरोबर होतं. अजूनही बरोबर आहे.

पैसे आईच्या भिशीचे. त्यामुळे कॅमेरा घेताना बाबा बरोबर येणार हे ठरलेलंच होतं. त्यांना हॅन्डीकॅम हवा होता. "तो मंडळाचा व्हिडिओवाला आणतो तसा घे. लांबून झूम होतो. सगळं कसं स्वच्छ दिसतं त्यात."

"तेच तर नको आहे, बाबा. सगळं दिसतं. आपली कपड्यांची दोरीसुद्धा."

"मग? दोरी आहे तर दिसणारच."



अरेरा कॉलनीत दहा नंबरच्या मार्केटमध्ये सक्सेनाजींचा स्टुडिओ होता. ते लग्नं काढायचे आणि नवीन कॅमेरा घेतल्यामुळे जुना विकायचा होता. बाबांनी तिथं घासाघीस सुरू केली. म्हणजे त्यांच्या हिशेबानं ते सौम्यपणेच बोलत होते. पासपोर्ट फोटोसाठी बसलेलं एक जोडपं उठून बाहेर जाऊन उभं राहिलं. सक्सेनाजी हसून म्हणाले, "भाईसाहब, आराम से. दुकान है, रामलीला मैदान नहीं." मी शोकेसमधल्या फ्रेमा बघत राहिले, जणू या गृहस्थांशी माझा काही संबंध नाही. शेवटी सक्सेनाजींनी कॅमेऱ्याला पन्नासची लेन्स लावली आणि म्हणाले, "पहले देख तो लीजिए." बाबांना स्टुलावर बसवलं. मागे कुठल्याशा लग्नाच्या सजावटीची दिव्यांची माळ लोंबत होती. छोट्या पडद्यावर बाबांचा चेहरा आला आणि मागची माळ बत्ताशांसारखी गोल गोल होऊन तरंगायला लागली. दाढीचे पांढरे खुंट, नाकावरचा चष्म्याचा वळ. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. सबा हळूच म्हणाली, "क्या चेहरा है यार अंकल का." बाबा स्टुलावरून उतरून आले, पडद्यात वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "हा मी?"

कॅमेरा घेतला.

आमची गोष्ट साधी होती. एक माणूस रिटायर झालेला आहे, पण रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो. घरच्यांना वाटतं, कुठंतरी पुन्हा नोकरी लागली. ते काम सबाचे मामू करणार होते. त्यांच्या दुकानात ईदची गर्दी सुरू झाली आणि त्यांनी ऐनवेळी पाय मागे घेतला. आम्ही आमच्या व्हरांड्यात डोक्याला हात लावून बसलो होतो, तर आतून बाबा आले. त्यांनी आमचे कागद केव्हाच वाचले होते. फक्त मामूंचंच काम नाही, सगळ्यांचं पाठ केलं होतं. खांब धरून उभे राहिले आणि संध्याकाळी बाकावर बसलेल्या त्या माणसाचं वाक्य म्हणून दाखवलं. श्रीवास्तव आंटींच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला. सबा माझ्याकडं बघत होती. मी म्हणायला हवं होतं की नको. पण सक्सेनाजींच्या दुकानातला तो चेहरा माझ्या डोळ्यासमोर होता. मला वाटलं, लेन्स सगळं सांभाळून घेईल.

पन्नासच्या लेन्सची एक अडचण आम्हाला घरी आल्यावर कळली. ती खोलीत मावत नाही. बाबांप्रमाणेच, आई म्हणाली. पाठ भिंतीला लावून उभं राहिलं तरी समोरच्याचा चेहरा आणि खांदा एवढंच येतं. रुंद लेन्सला पैसे उरले नव्हते. त्यामुळे आमची सगळी फिल्म चेहऱ्यांची झाली, आणि चेहरा म्हणजे बाबा.

मुख्य प्रसंग न्यू मार्केटमध्ये दिवेलागणीला घेतला. बाकावर बाबा, मांडीवर डबा, मागे दुकानांचे दिवे लागत चाललेले. एक ओळखीचा पोरगा जाता जाता विचारतो, "ऑफ़िस से आ रहे हैं?" आणि ते म्हणतात, "हाँ. आज काम बहुत था." बस. बाबांनी त्या चार-पाच शब्दांत तीन ठिकाणी थांबे घेतले. उजवी भुवई वर नेली, आवाजात कंप आणला, शेवटी एक उसासा सोडला. भेळेच्या गाडीवरची माणसं बघायला थांबली.

सबा म्हणाली, "अंकल, थोड़ा कम कर लें?"

"कम करूँगा तो पीछे वाले को क्या दिखेगा?"

सबानं कॅमेऱ्याकडे हात केला. "पीछे कोई नहीं है, अंकल. बस ये है."

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा तसंच केलं. मी तेव्हा कॅमेऱ्यावर वाकून फोकसची कडी फिरवत होते. वन पॉइंट एटला उघडल्यावर इतकी पातळ पट्टी स्पष्ट राहते की डोळा धरला तर कान जातो. मी फक्त पापणी बघत होते. पापणीचे केस सुटे सुटे दिसले, मागचे दिवे संत्र्याच्या फोडींसारखे उतरले, आणि मी म्हणाले, "ओके." त्यांनी काय केलं ते मी पाहिलंच नव्हतं. पुढं एडिटिंगला बसल्यावर सबा एकदा म्हणाली, "ये वाला ज़्यादा नहीं हो रा?" मी म्हणाले, अगं, पण फ्रेम बघ. ती माझ्या आयुष्यातली पहिली सुंदर फ्रेम होती. ती टाकून द्यायची कल्पनाही मला सहन होत नव्हती. मी ती पूर्ण ठेवली, उसाशासकट.

स्पर्धेच्या दिवशी बाबांनी नाटकाच्या पारितोषिक वितरणाला घालतात तो झब्बा घातला होता. आईला बरं नव्हतं म्हणून ती आली नाही. हॉल मुलामुलींनी भरलेला. बाबा म्हणाले, "तू तुझ्या मित्रांत बस, मी बसतो मागं." ते मागं बसले याचं मला बरं वाटलं. आमची फिल्म सुरू झाली, पहिल्या दोन मिनिटांत कुणीतरी शिट्टीही मारली, "क्या शॉट है" असं माझ्या कानावर आलं. मग बाकाचा प्रसंग आला. मी तो आतापर्यंत वीतभर पडद्यावर पाहिला होता. इथे बाबांचा चेहरा भिंतीएवढा होता. भुवई वर जायला लागली, आणि ती जातच राहिली. पहिलं हसू डावीकडून आलं, कुणी तरी दाबून धरलेलं. पहिल्या थांब्याला ते फुटलं. दुसऱ्या थांब्याला अर्धा हॉल हसत होता. "आज... काम... बहुत था" आणि मग तो उसासा. मागून एका मुलानं तसाच उसासा टाकला आणि सगळा हॉल कोसळला. मी खाली बघत होते. खुर्चीच्या हातावर कुणीतरी पेनानं नाव कोरलं होतं, ते मी पुन्हा पुन्हा वाचत होते. सबानं माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला. मला दोन लाजा एकदम वाटत होत्या. एक त्या चेहऱ्याची, की हा माझा बाप आहे हे आता सगळ्यांना कळणार. आणि दुसरी त्या पहिल्या लाजेची. दुसरीला पहिलीवर मात करता आली नाही. मी शेवटपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

बाहेर आले तर बाबा पायऱ्यांवर पोरांमध्ये उभे. एक मुलगा म्हणत होता, "सर, क्या कॉमेडी करी आपने," आणि बाबा हसून हात जोडत होते. मी स्कूटरवर मागे बसले. एरवी स्कूटरच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारे बाबा घराजवळच्या पाच नंबरच्या स्टॉपपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आईनं दार उघडताच विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं. लोकांना आवडलं. खूप हसले."

"विनोदी होतं का? मला वाटलं गंभीर आहे."

"थोडं दोन्ही," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. आईनं त्या दिवशी अंगात ताप असतानाही गोळाभात केला होता. तो तिनं मला दोनदा वाढला, कारण फिल्म आवडली होती.

एका रविवारी दुपारी मी बाहेरून आले, तर ते माझ्या लॅपटॉपसमोर बसले होते. तो बाकाचा प्रसंग लावला होता, आवाज बंद करून. मला पाहून ते दचकले नाहीत. म्हणाले, "तुझी ती मैत्रीण म्हणाली होती ना, मागं कोणी नाही म्हणून. मला तेव्हा कळलं नाही." आणि थोड्या वेळानं, "कॅमेरा लाव. कमी कसं करायचं ते दाखव मला."

पुढचे काही रविवार आम्ही व्हरांड्यात तेच केलं. जाळीतून येणाऱ्या उन्हात ते खुर्चीवर बसायचे, मी कॅमेरा लावायची. मी सांगायची, "बाबा, काही करू नका." ते विचारायचे, "काहीच न करता अभिनय कसा होईल?" मी म्हणायची, "फक्त मनात आणा. डोळ्यांत आपोआप येतं." सुरुवातीला ते मनात आणायचे आणि भुवईही उडवायचे. मग ते पडद्यावर स्वतःला बघायचे आणि "छे," असं म्हणून पुन्हा बसायचे. पन्नाशीला आलेला माणूस होता तो, ऑफिसात त्याच्या हाताखाली चार जण होते, आणि शहरातली मराठी माणसं त्याला रस्त्यात थांबवून जुन्या नाटकांची वाक्यं म्हणायला लावत. हळूहळू त्यांचा चेहरा शांत व्हायला लागला. एका रविवारी ते बसले आणि काहीच केलं नाही. नुसते लेन्सकडे बघत राहिले. डोळ्यांत काहीतरी आलं, थांबलं आणि परत गेलं. मी कडी फिरवायची विसरले.

"काय मनात आणलंत?" मी विचारलं.

"त्या दिवशी हॉलमध्ये तू मागं वळून बघितलं नाहीस, ते," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. मी दिलेल्या अभ्यासाचं उत्तर दिल्यासारखं ते बोलले. मग म्हणाले, "आलं का बरोबर?"

मी म्हणाले, "आलं." मी कॅमेरा आत नेऊन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मग गणपती आले. तालमी सुरू झाल्या तेव्हा मला नवीन नोकरी लागली होती, एका केबल चॅनलमध्ये, आणि मी उशिरा घरी यायची. मला तालमी कधी बघायला मिळाल्या नाहीत. खरेकाका एकदा गेटवर भेटले तर म्हणाले, "तुझ्या बाबांना काय झालंय गं? आवाज काढत नाहीत. म्हणतात, जमाना बदलला, आता डोळ्यांत दिसलं पाहिजे." ते हसले, मीही हसले. प्रयोगाच्या दिवशी बाबा काढतील आवाज, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. बाबांनी रंगमंच आणि लेन्स यांत गल्लत केली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्यानं मला शिकवायचं त्याला मी शिकवलं होतं, आणि अर्धवट शिकवलं होतं.

प्रयोगाचं रेकॉर्डिंग मी करावं, असं मंडळानं ठरवलं. शेवटच्या रांगेच्या मागं, दाराजवळ, मी कॅमेरा लावला. पन्नासच्या लेन्समधून तिथून अख्खं स्टेज येत होतं आणि स्टेजवरची माणसं बोटाच्या पेराएवढी. बाबांचा तिसऱ्या अंकातला मोठा प्रसंग होता. मुलाचं लग्न मोडल्यावर बाप बायकोशी बोलतो. माइक नेहमीसारखाच मेला होता. बाबा बोलायला लागले. म्हणजे त्यांचे ओठ हलत असावेत. पहिल्यांदा हॉल शांत झाला, मग खुर्च्या वाजायला लागल्या. मागच्या रांगांतून कुणीतरी म्हणालं, "आवाज." मग दोन-तीन जण. एका पोरानं "व्हॉल्यूम, काका" म्हटलं आणि हशा पिकला. बाबा तसेच उभे होते, स्थिर, जसे रविवारी व्हरांड्यात बसायचे. त्यांच्या डोळ्यांत काय आलं होतं ते मला पेराएवढ्या त्या आकृतीत दिसत नव्हतं, आणि ते आलं असणार हे तिथं मला एकटीलाच माहीत होतं. मला काय होतंय हे कळायच्या आत मी ओरडले, "बाबा, मोठ्यानं."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी आवाज चढवला नाही. प्रसंग त्यांनी तसाच, स्वतःशी बोलल्यासारखा पूर्ण केला आणि पडदा पडला. पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बाबांनी नाटकात काम केलं नाही. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचे.

घरी आल्यावर आई अजून भारावलेलीच होती. ती नेहमी दुसऱ्या रांगेत बसायची, कलाकारांच्या बायकांत. वरणाला फोडणी देता देता म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, हे माझ्याशीच बोलताहेत. नुसत्या मागच्या पोरांनी गोंधळ घातला मेल्यांनी." बाबा पाटावर बसून ताटातली चटणी बोटानं सारखी करत होते. त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाजीला गेली होती, तेव्हा त्यांनी रेकॉर्डिंग मागितलं. मी म्हणाले, नंतर बघू. ते म्हणाले, "आत्ता लाव." तिसरा अंक लावला. लहानशा स्टेजवर लहानसे बाबा. त्यांचं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक जवळचा आवाज आधी पकडतो, त्यामुळे खुर्च्या, खोकले, पोरांची कुजबुज सगळं स्वच्छ आलं होतं. आणि मग, कॅमेऱ्याच्या अगदी कानाशी, इतर सगळ्यांपेक्षा मोठा, माझा आवाज. बाबांनी हात वर केला. मी थांबवलं.

"ती तू होतीस?"

"हो."

"मला वाटलं, खरेंची पोरगी." ते थांबलेल्या चित्राकडे वळले. मग म्हणाले, "बरोबर बोललीस. शेवटच्या रांगेला काहीच गेलं नव्हतं."

मी म्हणाले, "बाबा, मला वाचवायचं होतं तुम्हाला."

"कळलं मला." त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं. बाहेर गेटची कडी वाजली, आई आली होती. ते घाईनं, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हे हिला दाखवू नकोस. तिनं पुढून बघितलंय. तिला तेच राहू दे."

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मी ते पुसलेलं नाही आणि पुन्हा लावलेलंही नाही. आई माझ्याजवळच असते. गणपती जवळ आले की तिला ते नाटक आठवतं, आणि ती विचारते, "तू काढलं होतंस ना गं ते? एकदा बघू या की." मी तिला सांगते, त्या दिवशी कार्ड खराब झालं होतं.